रविवारचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात रव्याच्या बरणीमागे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. सात तारखेला मुलांच्या बाबांचा पगार झाला की त्यात बाराशे रुपये पडतात. दर रविवारचे तीनशे, असे चार रविवारांचे. या पैशांतून भाजी आणायची नाही, गॅस भरायचा नाही, कुणाची उसनवारी फेडायची नाही. ते चौघांनी मिळून मजा करण्यासाठीच आहेत. डब्यात एक शंभर पानी वहीही असते. ती थोरली लिहिते. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च.

आम्ही कासारवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी घरी शिवणकाम करते. फॉल-पिको बारा महिने चालतं, लग्नसराईत ब्लाउज. हे भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. सकाळी सातला डबा घेऊन निघतात, रात्री आठला येतात. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ.

तीन वर्षांपूर्वी धाकट्याच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही त्याला मॉलमध्ये नेलं. त्याच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस तिथे होत होते आणि तो दोन महिने मागे लागला होता. गेम खेळायचं कार्ड, पिझ्झा, आइस्क्रीम, येताना रिक्षा, असे २,६४० रुपये झाले. त्या महिन्यात माझा भिशीचा हप्ता चुकला. रात्री अंथरुणावर मी त्याला विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? तो म्हणाला, "सरकता जिना. सात वेळा वर गेलो. बाबांनी हात धरला होता."

मला त्या रात्री झोप लागली नाही. भिशीची काळजी होतीच. पण त्याहून जास्त बोचलं ते हे, की बाबांचा हात ही या मुलाला वाढदिवसाला मिळणारी गोष्ट वाटत होती. पुढच्या पगाराला डबा सुरू झाला.

या तीन वर्षांत जे कळलं ते माझ्यासारख्या आयांना सांगावंसं वाटतं. पहिली गोष्ट आकड्याची. आधी मी सारखं "परवडत नाही" म्हणायचे. त्यावर मुलं काय बोलणार? गप्प बसायची, नाहीतर रडायची. "तीनशे आहेत" म्हटल्यावर ती विचार करायला लागली. तीनशेत चौघांची भेळ होते, पण मग बसचं काय? भेळ घरी केली तर? चुरमुरे, फरसाण, चिंचेची चटणी मिळून ऐंशी रुपयांत सगळ्यांना पोटभर होते, हा शोध थोरलीने वाण्याकडे भाव विचारून लावला. कुठे जायचं ते पाळीपाळीने एकेक जण ठरवतो आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता यायचं. पहिल्यांदा बाबांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, मला दहापर्यंत झोपू द्या, मग मी मिसळ करतो. मुलांनी खरंच दहापर्यंत आवाज केला नाही. मिसळीला १४० रुपये लागले. मटकी आम्ही शुक्रवारी रात्रीच भिजत घातली होती.

दुसरी गोष्ट पाचव्या रविवारची. डब्यात चारच रविवारांचे पैसे असतात, त्यामुळे महिन्यात पाचवा रविवार आला की तो बिनपैशांचा. सुरुवातीला मला या रविवारची धास्ती वाटायची. आता मुलं कॅलेंडर पाहून तो आधीच शोधून ठेवतात.

अशाच एका पावसाळी पाचव्या रविवारी आम्ही काडेपेटीच्या काड्यांनी खेळलो. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले हे इंजिनिअर पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. पुढे त्यांनी ती सोडली आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून मुलांना शिकवण्यात आयुष्य घातलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांचे छोटे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. काड्यांच्या खेळासाठी सायकलच्या दुकानात मिळते ती व्हॉल्व्ह ट्यूब लागते. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, काड्यांचं गूल खरवडून टाकायचं आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसायची. झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा, तो लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि हवं तेवढं दाबा, तो हलत नाही.

हे पाहून मुलांचे बाबा उठून बसले. म्हणाले, "आम्ही शेडचं छप्पर करतो ना, त्यात हेच असतं." मग त्यांनी चौकोनाला तिरकी काडी लावायला सांगितली. त्यासाठी लांब काडी लागते, म्हणून झाडूची घेतली. एका चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि डगडगणारा चौकोन ताठ उभा राहिला. शेडचं छप्पर वाऱ्यात का डगमगत नाही, क्रेनचा हात वजन घेऊन का वाकत नाही, हे त्यांनी काड्यांवरच दाखवलं. आपल्या बाबांना एवढं येतं हे मुलांना त्या दिवशी कळलं. पुढे कितीतरी दिवस धाकटा रस्त्याने जाताना मोबाइल टॉवरमधले त्रिकोण मोजत होता.

आमची सगळ्यात आवडती सहल मात्र डब्याच्या पैशांतून झाली. आमच्या घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे आणि पुणे-लोणावळा लोकल आमच्या दारातूनच जाते म्हणा ना. इतकी वर्षं ती गाडी आमच्यासाठी फक्त आवाज होती. थोरलीने एकदा विचारलं, ही शेवटपर्यंत गेली तर काय काय लागतं? मग पाठांतर सुरू झालं: पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. मळवलीला उतरून चालत भाजे लेण्यांना जाता येतं, हे मला माझ्या एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही गेलो. शनिवारी रात्री मी दशम्या केल्या. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. प्रवासाला म्हणूनच ती आपल्या आज्यांनी निवडली. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि दोन कांदे. चौघांनी बाहेर बसून जेवायचं तर सहा-सातशे रुपये जातात, म्हणजे दोन रविवार संपले. म्हणून घरचं जेवण बरोबर घेणं हा माझा पक्का नियम आहे. त्यात मी कमीपणा मानत नाही. लेण्यासमोर झाडाखाली बसून खाल्लेल्या त्या दशमीची आठवण मुलं अजून काढतात.

लोकलचं चौघांचं जायचं-यायचं तिकीट शंभर रुपयांच्या आत आलं. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, हे लक्षात ठेवावं. भाजे लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे मोठ्यांना २५ रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. एक सूचना मात्र करते. दुपारी या मार्गावर लोकल बराच वेळ नसते, तेव्हा परतीची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवावी.

स्टेशनवरून द्रुतगती मार्ग ओलांडून गावात यायचं आणि पायऱ्या चढायच्या. वर बावीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरत गेलेली. मोठ्या चैत्यगृहाची कमान घोड्याच्या नालेसारखी आहे. आत गेल्यावर थोरली म्हणाली, "आई, खांब पडतायत का? आत झुकलेत." खरंच झुकलेत, आणि ते मुद्दाम. त्या काळी मोठ्या इमारती लाकडाच्या असत. छताचा भार पेलायला लाकडी खांब थोडे आत कलते ठेवावे लागत. डोंगर कोरताना कारागिरांनी ती लाकडी इमारतच दगडात उतरवली. दगडाला तशी गरज नव्हती, तरी खांब कलतेच ठेवले. वर पाहिलं की छताला लाकडाच्या कमानी दिसतात. त्यांतल्या काही तर त्या काळातल्याच, खऱ्या लाकडाच्या आहेत. मुलांच्या बाबांनी मान वर करून त्या इतका वेळ पाहिल्या की शेवटी धाकट्याने त्यांना हलवलं. "सांधा बघतोय रे," ते म्हणाले.

पुढे एका ठिकाणी चौदा स्तूप ओळीने आहेत, तिथे राहिलेल्या भिक्खूंच्या आठवणीचे. त्यातले काही कातळाच्या आत, काही बाहेर. धाकट्याने ते तीनदा मोजले. शेवटच्या बाजूला एका लेण्याच्या ओसरीत रथात बसलेला एक जण, हत्तीवर बसलेला एक जण, आणि एक बाई तबल्यासारखी वाद्यं वाजवते आहे, बाजूला दुसरी नाचते आहे. थोरलीने त्या वाजवणाऱ्या बाईसमोर वही काढली आणि चित्र काढलं. ते अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

त्याच दिवशी पुढे लोहगडही करता आला असता. अनेक जण करतात. आम्ही नाही केला. लहान मुलांना दमवून दोन ठिकाणं दाखवण्यापेक्षा एकाच ठिकाणी हवं तेवढं बसू द्यावं, असं माझं मत आहे. शिवाय एक सहल शिल्लक राहते, आणि पुढच्या सहलीची वाट पाहण्यात मुलांचा महिना छान जातो. त्या दिवसाचा हिशोब वहीत आहे: रेल्वे ८०, लेणी ५०, लिंबू सरबत ८०, पेरू ४०. एकूण २५०, शिल्लक ५०.

लोहगडला आम्ही फेब्रुवारीत गेलो. मळवलीहून गायमुख खिंडीमार्गे मुलांबरोबर थांबत थांबत चालायला बराच वेळ लागतो, म्हणून पहिली लोकल पकडली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक दरवाजे, आणि गडावरून निघालेली विंचूकाटा नावाची अरुंद लांब सोंड. वरून पाहिलं तर खरोखर विंचवाची नांगी. पुरंदरच्या तहात १६६५ साली हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला, हे थोरलीने आम्हाला दरवाजात उभं राहून सांगितलं. त्या वर्षी तिचं चौथीचं इतिहासाचं पुस्तक जुनं झालं होतं, पण तिने ते रद्दीत जाऊ दिलं नव्हतं.

मग ११ जुलै २०२५ ला बातमी आली की मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. यादीत लोहगड होता. आमच्या घरात जणू कुणी दहावी पास झालं. दिवाळीला अंगणात किल्ला कोणता, हा प्रश्नच उरला नाही. शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमाला विचारून दोन पोती माती आणली, विटांचे तुकडे, जुनं गोणपाट, गेरू. विंचूकाटा दोनदा ढासळला. तिसऱ्यांदा बाबांनी आत काटक्यांचे त्रिकोण उभे केले आणि वर गोणपाट टाकून माती थापली. अळीव पेरले, चौथ्या दिवशी गड हिरवा झाला. विकत फक्त मावळे आणले, १२० रुपयांचे. चाळीतली मुलं चार दिवस आमच्या अंगणातून हलली नाहीत.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आमच्याकडे सगळं गोडच चालतं. तसं नाही. गेल्या वर्षी थोरलीच्या शाळेची तीन दिवसांची सहल होती, साडेचार हजार रुपयांची. बाबांच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा काम कमी होतं आणि ओव्हरटाइम बंद होता. आम्ही नाही म्हणालो. मी तिला "पुढच्या वर्षी नक्की" असं सांगितलं नाही, कारण पुढच्या वर्षीचं मलाच माहीत नव्हतं. शाळेला दोष दिला नाही, ती सहल वाईट आहे असंही म्हटलं नाही. "सहल चांगली आहे, तुला जावंसं वाटणं बरोबर आहे, आपल्याकडे आत्ता तेवढे पैसे नाहीत," एवढंच. ती दोन संध्याकाळी रडली. सहल निघाली त्या पहाटे ती जागी होती, मीही जागी होते, आणि आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ते दुःख भाजे लेण्यांनी भरून निघालं असं मी म्हणणार नाही. नाही निघालं. काही गोष्टी मुलांना मिळत नाहीत आणि त्या मिळायला हव्या होत्या, हे आईने मान्य करायला हवं, असं मला वाटतं.

महिन्याभराने तिनेच सुचवलं की रविवारची शिल्लक पुढच्या रविवारात न घालता एका पाकिटात टाकायची. त्या पाकिटावर तिने "सहल, सातवी" असं लिहिलं आहे. सध्या त्यात १,९१० रुपये आहेत. धाकट्याने त्यात त्याच्या भाऊबिजेच्या ओवाळणीला जमवलेले वीस रुपयेही घातले आणि मग ओवाळणीसाठी माझ्याकडून उसने घेतले.

गावाकडे जाण्याचं गणितही आता सोपं झालं आहे. आमचं गाव वाईजवळ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे, आधार कार्डासारखं ओळखपत्र जवळ हवं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आधीपासूनच होतं. मागच्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन आम्ही वाईहून पाचगणीकडे निघालो तेव्हा कंडक्टरने हिशोब केला. ह्यांचं पूर्ण, माझं अर्धं, दोन्ही मुलांचं अर्धं-अर्धं, सासूबाईंचं शून्य. पाच माणसं अडीच तिकिटांत. ७७ वर्षांच्या सासूबाई त्या शून्य तिकिटाचा कागद घरी येईपर्यंत मुठीत धरून होत्या.

पाचगणीच्या पुढे भिलार आहे, पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ ला ते सुरू झालं. स्ट्रॉबेरीसाठी माहीत असलेल्या या गावात लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत. कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. पाटी पाहून आत जायचं, पुस्तक घ्यायचं, हवं तेवढा वेळ वाचायचं. पैसे नाहीत. आम्ही एका घराच्या पडवीत तीन तास बसलो. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. थोरलीने त्यांना एक अख्खी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत वाच गं, मधलं." धाकटा तोवर जमिनीवर पालथा पडून प्राण्यांचं पुस्तक पाहत होता. घरच्या बाईंनी आम्हाला पाणी विचारलं, मुलांच्या हातावर गूळ ठेवला.

डब्याचं गणित सगळ्यांना लागू होईल असं नाही. ज्यांच्याकडे बाराशेही उरत नाहीत अशी घरं आमच्या चाळीत आहेत, आणि त्यांना काय करावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण कोजागरीला गच्चीवर आम्ही सगळे मिळून दूध आटवतो, कुणी लिटर आणतं, कुणी साखर, कुणी नुसतं ढवळायला येतं, आणि प्रत्येक मूल पोटभर पितं. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, पुण्यातल्या आयुकासारख्या संस्था सामान्य लोकांसाठी दारं उघडतात. तिथे मागच्या खेपेला आमच्याबरोबर शेजारची तीन मुलंही आली. डबे घरून, लोकलचं तिकीट तेवढं.

गेल्या रविवारी पाळी धाकट्याची होती. त्याला परत लोहगड हवा होता. शनिवारी रात्री बाबांना वर्कशॉपमधून फोन आला, रविवारी या, डबल पैसे आहेत. ओव्हरटाइम आता परत सुरू झाला आहे आणि आम्हाला त्याची गरज आहे. मी काही बोलले नाही. मुलंही बोलली नाहीत. धाकट्याने भरलेली पिशवी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली. हे बाहेर गेले, बराच वेळ गॅलरीत उभे राहिले, मग आत येऊन म्हणाले, "पहिली लोकल किती वाजता आहे?"

गडावरून आल्यावर रात्री थोरली वही लिहायला बसली. मी भांडी घासत होते. तिने बाबांना विचारलं, "आज कामावर गेला असतात तर किती मिळाले असते?" ते म्हणाले, "अकराशे. का गं?" ती काही न बोलता लिहीत राहिली. मुलं झोपल्यावर ह्यांनी डबा काढला, वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. खर्चाच्या बाजूला, रेल्वे, प्रवेश, सरबत यांच्या खाली, तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: बाबा, १,१००.

ते कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत बसले. मग वही मिटून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि पुढच्या महिन्यात पाचवा रविवार आहे का ते पाहिलं.